मागच्या बाकावरची ओतिलिया

बटाट्याची काढणी संपून घरोघरी पोती माळ्यावर चढली होती. अशाच एका रविवारी प्रार्थना आटोपल्यावर ओतिलियाने सगळ्यांना जरा थांबायला सांगितलं. लोक थांबले. फिस्काल थांबवते आहे म्हणजे कुणाच्या घरी दुखणं असेल, नाहीतर चर्चच्या छपरावरच्या फळ्या बदलायला माणसं हवी असतील, असंच जो तो समजला.

जगाच्या दक्षिण टोकाकडे, चिलोएच्या आतल्या समुद्रातलं लिनकाय हे छोटं बेट. तिथे फादर होडीने येतात ते वर्षातून दोनदा, तेही वारा वळेल तसं. बाकी वर्षभर चर्च चालवतो तो फिस्काल. रविवारची प्रार्थना त्याची, संध्याकाळची जपमाळ त्याची, अडल्या वेळी तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा त्याचा आणि मेलेल्याला माती देणंही त्याचंच. ओतिलिया बार्रियाने हे काम सासऱ्याकडून घेतलं तेव्हा तिचे केस काळेभोर होते. बाईमाणूस फिस्काल कशी काय, म्हणून दोनचार म्हाताऱ्यांनी त्या वेळी तोंडं वाकडी केली होती. पुढे त्यांना माती द्यायलाही तीच उभी राहिली.

"पुढच्या रविवारपासून प्रार्थना मी घेणार नाही," ओतिलिया म्हणाली. "येईन मी, पण तुमच्यात बसेन. सप्टेंबरात सणाला फादर येतील तोवर. नोल्फा घेईल."

नोल्फा म्हणजे तिची नणंद. ती पहिल्या बाकावर गुडघ्यांवर शाल पसरून बसली होती, आणि ही बातमी इतरांबरोबरच तिच्याही कानावर पहिल्यांदाच पडत होती. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. एरवी कुणाला बोलायला संधी न देणारी नोल्फा तोंड उघडणार एवढ्यात ओतिलियाने चर्चची मोठी लोखंडी किल्ली तिच्या मांडीवर ठेवली आणि ती बाहेर पडली.

नोल्फाने तिला कुंपणापाशी गाठलं.

"वहिनी, मला आधी सांगायला जीभ जड झाली होती का तुझी?"

"आधी सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"अर्थात नाही म्हणाले असते."

"म्हणून नाही सांगितलं."

दोघींची घरं शेजारी शेजारी. नोल्फा लग्नाच्या भानगडीत पडली नव्हती. जन्मभर भावाच्या कुंपणाला लागून राहिली, मेंढ्या पाळल्या, लोकर विणली आणि सगळ्या बेटावर नजर ठेवली. हा भाऊ, एलादिओ, गेल्या हिवाळ्यात गेला. सकाळी छातीत दुखतंय म्हणाला, होडीत घालून न्यायची तयारी होईपर्यंत संपलं. त्याच्यासाठी रिवाजाच्या नऊ संध्याकाळच्या प्रार्थना झाल्या त्या ओतिलियानेच घेतल्या. बेटावर दुसरं घेणारं होतंच कोण? प्रत्येक संध्याकाळी ती ताठ उभी होती आणि आवाज जरासुद्धा कापला नव्हता. किती खंबीर बाई, असं सगळे म्हणाले. नोल्फाही म्हणाली होती.

"देवाच्या कामाला रजा असते का गं?" नोल्फाने विचारलं.

"देवाची रजा नाही घेत मी. फिस्कालपणाची घेते आहे." ओतिलिया चालता चालता थांबली. "खरं सांगू? एलादिओ गेल्यापासून मी स्वतःसाठी एक प्रार्थना केलेली नाही. बसते मी. रोज बसते. पण तोंड उघडलं की फिस्कालचाच आवाज निघतो. आजाऱ्यांसाठी, समुद्रावर गेलेल्यांसाठी, ह्याच्या पोरासाठी, तिच्या नवऱ्यासाठी. माझं काय मागायचं तेच मला आठवत नाही."

"मग दुसऱ्यांसाठी मागतेस ते चांगलंच आहे की."

"चांगलंच आहे. पण मी आतून पार कोरडी पडले आहे, नोल्फा. कोरड्या विहिरीत किती दिवस बादली सोडायची?"

"कोरडी पडलीस म्हणे. दोन घास जास्त खात जा," नोल्फा म्हणाली आणि फणकाऱ्याने आपल्या दारात शिरली. मागे वळून तिने आणखी एक ऐकवलं, "आणि मला त्या लॅटिन ओळी येत नाहीत, आधीच सांगते."

"कुणालाच येत नाहीत," ओतिलिया म्हणाली. "जोरात म्हटल्या की झालं."

पुढच्या रविवारी ओतिलिया खरोखरच मागच्या बाकावर बसली. दाराजवळ, जिथे उशिरा येणारी आणि तान्ही मुलं घेऊन बसणारी माणसं असतात तिथे. नोल्फाने मधलं एक पान गाळलं, गाणं एवढ्या वरच्या पट्टीत सुरू केलं की दुसऱ्या कडव्यापर्यंत अर्धी माणसं गप्प झाली. बाहेर पडताना कुणीतरी म्हणालं, मेंढ्या हाकल्यासारखी प्रार्थना झाली आज. नोल्फाला ते ऐकू गेलं. ओतिलियालाही गेलं असणार, पण ती हसली नाही आणि सावरायलाही आली नाही. ती आपली शाल लपेटून घरी निघाली.

मग ओतिलियाच्या वागण्याची चर्चा सुरू झाली. बेटावर विषयांची तशी टंचाईच असते. सकाळी ती चुलीपाशी येर्बाचा, म्हणजे तिकडच्या कडवट चहाचा, पेला घेऊन खिडकीतून समुद्राकडे बघत बसते, आणि तेव्हा कुणी दार वाजवलं तर आतूनच सांगते, "तासाभराने या." फिस्कालच्या दाराला असं उत्तर कधी कुणी ऐकलं नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे ओहोटीच्या वेळी ती किनाऱ्यावर जाते आणि हातात टोपली नसते. ओहोटी लागली की शिंपले गोळा करायला सगळी बेटभरची माणसं वाकलेली असतात, आणि ही बाई आपली हात पाठीमागे बांधून ओल्या वाळूवरून फिरते.

"काय करतेस तिथे?" नोल्फाने एकदा विचारलंच.

"चालते."

"चालायला रस्ता नाही का? लोक म्हणतात डोक्यावर परिणाम झालाय."

"लोकांना सांग, अजून तसं ठरलेलं नाही. पंधरा दिवसांनी दवाखान्याची होडी येते आहे. तेव्हा विचारते."

नोल्फाला वाटलं ही थट्टा असणार. पण दवाखान्याची होडी धक्क्याला लागली, डॉक्टर आणि नर्सा शाळेच्या खोलीत टेबलं मांडून बसल्या, आणि गुडघ्यांचं औषध घ्यायला आलेल्या नोल्फाने पाहिलं तर समोरच्या रांगेत ओतिलिया उभी. ती रांग रक्तदाबाची नव्हती, दातांचीही नव्हती. कोपऱ्यातल्या खोलीत एक तरुण डॉक्टरीण बसायची, मनाच्या तक्रारी ऐकणारी. तिच्याकडे जाणारं बेटावर सहसा कुणी नसायचं. गेलंच तर मागच्या दाराने जायचं.

ओतिलिया पुढच्या दाराने, भर दुपारी, सगळ्यांच्या नजरेसमोर उभी होती.

"फिस्काल स्वतःच?" शेजारी उभ्या बाईने नोल्फाच्या कानात विचारलं. "देवाने काम सोडलं की काय?"

एरवी नोल्फानेही हेच म्हटलं असतं. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर तिला ते झोंबलं. "तुझे दात काढायला येतेस तेव्हा देवाने काम सोडलेलं असतं का?" ती म्हणाली. "तिचा नवरा गेलाय. तिचं ती बघते आहे."

बाईने मान फिरवली. आपण वहिनीची बाजू घेतली, हे नोल्फाला स्वतःलाच पटायला थोडा वेळ लागला.

ओतिलिया खोलीतून बाहेर आली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते आणि चेहरा थकलेला होता. घरी जाताना नोल्फाने फक्त एवढंच विचारलं, "काय म्हणाली?"

"ती फारसं काही म्हणत नाही. मलाच बोलायला लावते. वैताग आहे." थोडं चालून ती म्हणाली, "पुढच्या महिन्यात परत बोलावलंय. जाणार आहे."

इकडे नोल्फाने आपली अवस्था कुणाला सांगितली नाही, पण ती बदलत चालली होती. किल्ली हातात आल्यावर माणसं येऊ लागली. पहाटे एक जण यायचा, मुलगा दक्षिणेला मासळीच्या जहाजावर गेलाय, फोन लागत नाही, एक जपमाळ म्हण. त्याला निरोप देईतो दुसरी यायची, जावेशी भांडण झालंय, तूच सांग कुणाचं चुकलं. जेवणाचं ताट चुलीवर झाकून ठेवायचं आणि ते निवायचं. एका संध्याकाळी एक बाई तासभर रडून गेली आणि तिच्यामागे दार लावून घेतल्यावर नोल्फा खुर्चीत बसली ती उठलीच नाही. चूल विझली तरी तिला कळलं नाही. ती बाई गेली होती, पण तिचं दुःख खोलीत तसंच उरलं होतं आणि ते कुठे ठेवावं हे नोल्फाला ठाऊक नव्हतं. तिला एकदम वाटलं, वहिनी हे सगळं कुठे ठेवत होती?

दुसऱ्या दिवशी ती बटाटे सोलायला म्हणून ओतिलियाच्या स्वयंपाकघरात गेली. बटाट्याची जाड भाकर, मिल्काओ, करायची होती. एकीने किसायचं, दुसरीने फडक्यात घालून पिळायचं. दोघींच्या हातांना ते इतकं सवयीचं होतं की बोलायला डोकं मोकळं असायचं.

"लागतंय का काही हाताला?" नोल्फाने विचारलं. "एवढं चालतेस, बसतेस, त्याचं काही होतंय का?"

"होतंय. राग येतोय."

"कुणाचा?"

"सगळ्यांचा. पहिला एलादिओचा. छातीत दुखतंय हे त्याने चार महिने लपवलं. माझ्यापासून लपवलं, नोल्फा. मी सगळ्या बेटाची दुखणी ऐकत होते आणि माझ्याच घरात हा माणूस छातीवर हात ठेवून झोपत होता. मग माझा राग. मी पाहिलं कसं नाही. आणि मग त्याचा." तिने ओल्या हाताने भिंतीवरच्या क्रूसाकडे बोट केलं.

नोल्फाने पिळता पिळता हात थांबवले. "देवावर रागावतेस?"

"रोज सकाळी. खिडकीत बसून. मोठ्याने. म्हणून तर दार उघडत नाही."

"असं चालतं का?"

"प्रार्थनेच्या पुस्तकातली जुनी स्तोत्रं वाच जरा. सगळी काय गोड गोड आहेत? निम्म्यात तक्रारी आहेत. मी जन्मभर ती लोकांसाठी वाचली, पण आपली तक्रार कधी मांडली नाही. आता मांडते आहे." ती पुन्हा किसू लागली. "आणि सांगू का, तिथून तरी सुरुवात झाली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा असं वाटतंय की कुणीतरी ऐकतंय. नाहीतर भांडायचं कुणाशी?"

नोल्फाने फडकं पुन्हा पिळायला घेतलं. संध्याकाळी तिने शेजारणीला सांगितलं की वहिनी बरी आहे, आणि वहिनीबद्दल पुन्हा काही वेडंवाकडं ऐकलं तर माझ्याशी गाठ आहे. वहिनी आपल्या दुःखाला घाबरत नाही, दार बंद करून त्याच्यासमोर बसते, हे नोल्फाला दिसलं होतं. आपल्याच्याने ते झालं नसतं हेही तिला कळून चुकलं होतं.

जुलैच्या वाऱ्यापावसात म्हातारा बाल्दोव्हिनो गेला. बेटावरच्या निम्म्या होड्या त्याच्या हातच्या. एलादिओ त्याच्याच हाताखाली शिकला, आणि एलादिओ गेला तेव्हा त्याची शवपेटी बाल्दोव्हिनोनेच केली. स्वतःच्या होडीसाठी जपून ठेवलेल्या सायप्रसच्या फळ्या त्याने त्यासाठी काढल्या होत्या. दफन झालं, आणि त्याची मुलगी रोसाल्बा काळ्या शालीत ओतिलियाकडे आली. नोल्फा तिथेच होती.

"नऊ संध्याकाळची प्रार्थना तू घ्यायची, काकी," रोसाल्बा म्हणाली. "नोल्फाकाकीचा राग येऊ नये, पण बाबांसाठी तूच हवी."

"मी येईन," ओतिलिया म्हणाली. "रोज येईन. पण मागे बसेन. घेईल नोल्फाच."

"तुझा हा जो काही नेम असेल तो नऊ दिवस मोडला तर काय होईल?"

"मोडेल. मग पुढच्या मयताला पुन्हा मोडेल. मला ठाऊक आहे ना माझं."

रोसाल्बाचा चेहरा लाल झाला. "बाबांनी तुझ्या नवऱ्यासाठी आपल्या होडीच्या फळ्या दिल्या. आणि तू त्यांच्यासाठी चार शब्द देत नाहीस."

ओतिलियाचा रंग उडाला. नोल्फाला वाटलं, आता ही हो म्हणणार. कुणीही म्हणालं असतं. पण ओतिलियाने खुर्चीची पाठ धरली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाल्दोव्हिनोंसाठी मी रडायला येणार आहे, रोसाल्बा. शब्द द्यायला नाही. शब्द मी खूप दिले. रडायचं राहून गेलंय."

रोसाल्बा दार न लावताच निघून गेली.

"वहिनी, हे बरं नाही केलंस," नोल्फा म्हणाली.

"असेल. पण हे मोडलं तर मी पुन्हा उभी राहायची नाही, एवढं समजतं मला."

पहिल्या संध्याकाळी रोसाल्बाच्या घरी माणसं दाटीवाटीने बसली. समोर मेजावर मेणबत्त्या, म्हाताऱ्याचा फोटो आणि त्याचा रंधा. नोल्फा फोटोशेजारी उभी राहिली. ओतिलिया स्वयंपाकघराच्या दाराशी, शेवटच्या बाकड्यावर बसली. रोसाल्बाने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. येर्बाचा एकच पेला सगळ्यांकडे फिरला तेव्हा ओतिलियाला त्यातून वगळलं गेलं. तिने काही दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, तिसऱ्या दिवशीही आली, आणि त्याच बाकड्यावर बसली.

मधल्या एका संध्याकाळी वारा एवढा होता की छपरावरच्या फळ्या वाजत होत्या आणि नोल्फाला ओरडून म्हणावं लागत होतं. जपमाळेच्या शेवटी मेलेल्याचं नाव घेऊन त्याच्या शांतीसाठी मागायचं असतं. 'आमचा भाऊ अमुक,' असं तिथे म्हणायचं. एव्हाना तिला ते तोंडपाठ झालं होतं. दिवसभराची दमणूक होती, डोळ्यांसमोर मेणबत्त्या हलत होत्या, आणि ती म्हणाली, "आमचा भाऊ एलादिओ, त्याला..."

ती थांबली. खोलीतली सगळी माणसं थांबली. एक वारा तेवढा वाजत राहिला.

बाल्दोव्हिनोच्या प्रार्थनेत एलादिओचं नाव. रोसाल्बाच्या समोर. चूक दुरुस्त करायला नोल्फाने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मागून एक आवाज आला. आधी कुणाला कळलंच नाही कसला आवाज आहे ते. बाकड्यावर ओतिलिया पुढे वाकली होती. शालीचं टोक तिने तोंडात कोंबलं होतं आणि तरी तो हुंदका बाहेर पडत होता. इतकी वर्षं या बाईला या बेटावर कुणी रडताना पाहिलं नव्हतं. तिच्या नवऱ्याच्या मातीलाही नाही.

नोल्फाला तेव्हा आठवलं. एलादिओच्या त्या नऊ संध्याकाळी ती स्वतः ओतिलियाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली होती. एका हातात जपमाळ आणि दुसऱ्या हाताने ओतिलियाने तिला धरलं होतं, आणि प्रार्थना थांबू दिली नव्हती. 'वहिनी, तुझं काय?' असं नोल्फाने तेव्हा विचारलं नव्हतं. तिला ते सुचलंच नव्हतं.

तिने चूक दुरुस्त केली नाही. ती पुन्हा म्हणाली, या वेळी सावकाश, "आमचा भाऊ बाल्दोव्हिनो आणि आमचा भाऊ एलादिओ, यांना शांती दे. आणि एलादिओच्या मागे राहिलेल्या आमच्या ओतिलियाला सांभाळ. तिने आम्हांला सांभाळलं."

हे शब्द कुठल्या पुस्तकात नव्हते. पण माणसं "आमेन" म्हणाली, आणि ते नेहमीसारखं पुटपुटलेलं नव्हतं.

पुढच्या खुर्चीवरून रोसाल्बा उठली. माणसांच्या गुडघ्यांमधून वाट काढत ती मागे गेली आणि ओतिलियाला खेटून बाकड्यावर बसली. तिने शालीचं टोक ओतिलियाच्या तोंडातून अलगद काढलं.

"रड काकी," ती म्हणाली. "बाबांनाही त्याची फार आठवण यायची. शेवटी शेवटी त्यालाच हाका मारायचे, पटाशी आण म्हणून."

ओतिलिया रडता रडता हसली आणि मग पुन्हा रडली. नोल्फाने उरलेली प्रार्थना पुरी केली. मधल्या दोन ओळी गाळल्या, आणि त्याबद्दल कुणी एक अक्षर काढलं नाही.

नंतर स्वयंपाकघरात कोकराच्या मांसाचा रस्सा वाढला तेव्हा ओतिलियाने दोन वाडगे संपवले. सुजलेल्या डोळ्यांनी ती तिसऱ्यासाठी भांड्याकडे बघत होती. "आजवर उभ्याउभ्या खाल्लं," ती रोसाल्बाला म्हणाली. "याची चव अशी असते हे मला माहीत नव्हतं."

घरी जाताना वाऱ्यात दोघी एकमेकींना धरून चालत होत्या. ओतिलिया म्हणाली, "तुम्ही माझ्यासाठी मागितलंत आणि मला फक्त आमेन म्हणायचं होतं. किती सोपं असतं गं ते. मी सगळ्यांना इतकी वर्षं ते देत होते आणि मला त्याचा पत्ताच नव्हता."

"माझी चूक झाली म्हणून तरी झालं," नोल्फा म्हणाली.

"तुझ्या बाकीच्या चुकांचं काही होत नाही पण."

नोल्फाने तिला कोपराने ढोसलं.

त्यानंतर ओतिलिया एकदम आनंदी झाली असं काही नाही. काही सकाळी ती खिडकीत बसून नुसती पावसाकडे बघायची. काही दिवस ती कुणाशी बोलायची नाही. पण दवाखान्याची होडी आली की ती जायची, ओहोटीला किनाऱ्यावर चालायची, आणि हळूहळू तिच्या दारातून गाण्याचा आवाज येऊ लागला. तो नेहमीचा चर्चमधला आवाज नव्हता. खालच्या पट्टीतला, भांडी घासताना स्वतःशीच गुणगुणल्यासारखा होता. नोल्फा कुंपणापलीकडे लोकर पिंजत तो ऐकत बसायची. एकदा तिच्या मनात आलं की आपण या बाईला इतकी वर्षं खंबीर म्हणत आलो, पण खरी ताकद आता दिसते आहे. स्वतःला काय हवंय ते तिने भर चर्चमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं. सगळ्यांचा राग झेलला. नवऱ्यासाठी फळ्या दिलेल्या माणसाच्या मुलीचाही. आणि तरी आपल्याला कुठे बसायचं आहे ते तिने सोडलं नाही.

सप्टेंबरात सणाला फादर आले. होडीतून उतरताच त्यांच्या कानावर सगळं गेलं. मिस्साची प्रार्थना झाल्यावर, सफरचंदाच्या आंबवलेल्या रसाचे, चिचाचे, पेले भरलेले असताना, त्यांनी ओतिलियाला विचारलं, "मग? परत घेणार ना किल्ली?"

"अर्धी," ओतिलिया म्हणाली.

"किल्ली अर्धी कशी होते?"

"लावणीपासून काढणीपर्यंत मी. काढणीपासून लावणीपर्यंत नोल्फा. आणि महिन्यातला एक दिवस मी दवाखान्याच्या रांगेत असते. त्या दिवशी कुणाला मरायचं असेल त्याने दुसऱ्या दिवसापर्यंत कळ काढावी."

फादर हसले. नोल्फा हसली नाही. "वहिनी, मला कुणी विचारलंय का?"

"आता विचारते. घेशील?"

नोल्फाने सगळ्यांकडे पाहिलं. रोसाल्बा दूर उभी राहून मान हलवत होती, हो म्हण म्हणून. "गाणी मी माझ्या पट्टीत म्हणणार," नोल्फा म्हणाली. "ज्याला झेपत नाही त्याने गप्प बसावं."

पुढच्या उन्हाळ्यात, म्हणजे तिकडे जानेवारीत, सगळ्या बेटांवरच्या फिस्कालांचा मेळा कास्त्रो शहरात भरला. दरवर्षी भरतो. या वेळी दोघी गेल्या. कुणी छपरांबद्दल बोलतं, कुणी तरुण माणसं येत नाहीत म्हणून. ओतिलिया उभी राहिली आणि तिने आपलं सांगितलं. नवरा गेला, प्रार्थना सुचेना, म्हणून मागे जाऊन बसले, मनाच्या डॉक्टरणीकडे गेले, देवाशी भांडले, मग रडले. एवढंच. तिने ना कुणाला उपदेश केला, ना स्वतःची कौतुकं सांगितली. खोलीत बहुतेक म्हातारे पुरुष होते, काळी जाकिटं घातलेले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण कुणी खोकलंही नाही.

जेवणाच्या वेळी लांबच्या एका बेटावरचा चिग्वाय नावाचा म्हातारा ताट घेऊन नोल्फाशेजारी येऊन बसला.

"तुमची वहिनी पहिल्यापासून अशीच आहे का?" त्याने विचारलं.

"अशी म्हणजे?"

"स्वतःसाठी मागायला न लाजणारी."

नोल्फाने विचार केला. "नाही. शिकली ती. आमच्यासमोर शिकली, आमची बोलणी खात."

म्हाताऱ्याने चमचा ताटात फिरवला. "माझी बायको गेली तेव्हा नऊ संध्याकाळी मीच..." तो म्हणाला आणि पुढचं त्याच्या तोंडून येईना.

नोल्फाला आता दुसऱ्याच्या तोंडात शब्द घालण्याची घाई उरली नव्हती. तिने मान वळवून हाक मारली, "वहिनी, इकडे ये गं जरा."

ओतिलिया आपलं ताट घेऊन आली आणि म्हाताऱ्यासमोर बसली. तिने जपमाळ काढली नाही की हात जोडले नाहीत. "काय नाव होतं त्यांचं?" तिने विचारलं.

म्हाताऱ्याने नाव सांगितलं. मग त्या कुठल्या बेटावरच्या ते सांगितलं, आणि मग बराच वेळ तो सांगतच राहिला. नोल्फाने हळूच उठून दोघांची ताटं चुलीच्या कडेला नेऊन ठेवली, गरम राहावीत म्हणून.